हात धरून

सोमवारी तिसऱ्या तासाला माझा उजवा हात शरयूच्या हातावरच राहिला. मी उठले, हात उठला नाही. मनगटापाशी कातडी नीट बंद झाली होती. रक्त नाही, दुखणं नाही. हजेरी डाव्या हाताने लिहिली.

शरयू अकरा वर्षांची. तिचं अंग ताठ असतं, बोलता येत नाही. समोरच्या तक्त्यावर शब्दांचे चौकोन आहेत, त्यांच्याकडे बघून ती आपलं म्हणणं सांगते. आमच्या विशेष शाळेत मी चित्रकला शिकवते. प्रदर्शन जवळ आलं की आम्ही शिक्षिका मुलांचे हात धरून चित्रं उरकून घेतो आणि खाली नाव मुलांचं घालतो. पालक खूश, पाहुणे खूश. शरयू स्वतः काय काढते, हे चार वर्षांत मी पाहिलेलंच नव्हतं. त्याचं मला काही वाटतही नव्हतं.

हात कामसू निघाला. माझाच तो. दुपारपर्यंत त्याने तिच्याकडून नऊ चित्रं काढून घेतली. डोंगर, सूर्य, झोपडी, झोपडीकडे जाणारी वाट. मंगळवारी तिची आई आली. घरीही हात थांबत नाही, वरणभातातसुद्धा डोंगर काढतो, असं सांगत होती.

"सासूबाईंना आवडलं," ती म्हणाली. "पण हिच्या पोटात काही जात नाही हो, बाई."

शरयू तक्त्यावरच्या 'नको'कडे बघत होती. तो चौकोन पहिल्या दिवसापासून तिथे होता. मला फार लाज वाटली. डाव्या हाताने उजवा ओढायला गेले, तर डावाही तिथेच राहिला. दोघांनी मिळून लगेच सूर्याला किरणं काढली.

मुख्याध्यापिका टिपणीस मॅडमना मी दोन्ही मनगटं दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. प्रदर्शन झालं की अर्ज द्या, म्हणाल्या. मात्र स्वहस्ताक्षरात.

गुरुवारी प्रदर्शनात शरयूला सभागृहात पुढे बसवलं. तिची बोटं माझ्या हातांखाली पांढरी पडली होती. पाहुण्यांना तिला चित्र काढताना बघायचं होतं. माझ्या हातांनी ब्रश उचलला आणि डोंगर सुरू केला. मी धावत पुढे गेले. तिला सोडवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, म्हणून नुसतीच शेजारी बसले.

"शरयू, चुकलं माझं," मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मान वाकवून तिने माझं हात नसलेलं मनगट हनुवटीखाली दाबलं, जांभळ्या रंगाच्या वाटीत बुडवलं आणि कागदावर टेकवलं. माझे दोन्ही हात ब्रश धरून थबकले.

"बाई, तुम्ही मध्ये पडू नका," मॅडम म्हणाल्या.

मी काहीच करत नव्हते. रेघ डोंगरावरून आडवी गेली, कागदाची कड ओलांडून टेबलक्लॉथवर आली आणि खाली उतरू लागली. रेघ थांबेना, म्हणून माझा दंड लांबत गेला. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी पाय वर घेतले.