पडायचं नाही

खरवईच्या शाळेच्या ओट्यावर नरेंद्र धाडकन डाव्या कुशीवर पडला. तसाच पडून त्यानं मान वर केली.

"असं. डाव्या कुशीवर. म्हणजे तोंड लोकांकडे राहतं. यात काय कठीण आहे?"

"कठीण काहीच नाय, भाऊ," कमलेश म्हणाला. तो नाटकाचा नायक. अंगात कॅम्प पाचातल्या शिंप्याकडून शिवून आणलेला पांढरा सफारी, आणि तालमीतसुद्धा कडक इस्त्री. "पण मी पडणार नाय."

नरेंद्र उठला. पँटीची धूळ झटकताना त्यानं ती जरा जोरातच झटकली.

"का?"

"पालिकेचं इलेक्शन तोंडावर आहे. मी उभा आहे. मी पडलो की कोणतरी मोबाइलमधी फोटो काढणार, आणि सकाळी स्टेशनपर्यंत बोंब, कमलेश पडला. सांगा, मतदान व्हायच्या आधीच पडू?"

मागं बाकावर बसून महिपती कलिंगड खात होता. तो कमलेशचा मेहुणा आणि नाटकातला खलनायक. शेजारच्या वॉर्डातून तोही उभा होता.

"मग मी पण शेवटी मरणार नाय," बी थुंकत तो म्हणाला. "मेलेल्याला मत कोण देतो?"

दोघंही हसले. नरेंद्रला मात्र त्या बाकासकट दोघांना उचलून बाहेर फेकावंसं वाटलं.

तो अंबरनाथचा. बुद्धविहारामागच्या चाळीत राहायचा आणि ऑर्डनन्स फॅक्टरीत कारकुनी करायचा. खरवईच्या जत्रेचं नाटक लिहायला त्याला गावच बोलवत आलं होतं, कमलेशचे वडील बुधाजी नायक व्हायचे तेव्हापासून. बुधाजी भातशेती करायचे. स्टेजवर लाठ्या खाऊन ते असे पडायचे की कोपरं खरोखर सोलून निघायची. मग पेटी थांबायची. बुधाजी निपचित, आणि मांडवात कुणी खोकायचंसुद्धा नाही. पहिल्या वर्षी त्या शांततेत त्यांच्या शेजारच्या गयाबाईला नाटक आहे याचाच विसर पडला आणि ती ओरडली, "ऊठ रं पोरा!" बुधाजी उठले. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. नरेंद्रनं हे लिहिलं नव्हतं, त्याला लिहिताही आलं नसतं. पण तेव्हापासून गावचा रिवाजच पडला. नायकानं मध्यंतराआधी पडायचं, आणि गयाबाईनं हाक मारल्याशिवाय उठायचं नाही. एकदा ती नेमकी नातवाला घेऊन बाहेर गेली, तर लोक तिला शोधून आणेपर्यंत बुधाजी फळ्यांवर तसेच पडून राहिले होते.

मग गावच्या जमिनी गेल्या, इमारती आल्या, बुधाजी वारले आणि कमलेश नायक झाला. पहिल्या वर्षी त्यानं पाच गुंड लोळवले. पुढल्या वर्षी पंधरा. मग ट्रक हातानं अडवला. नायक इतका वाढल्यावर महिपती कसला मागं राहतो? त्याला गोळी लागेनाशी झाली. त्यानं तुरुंगाचे गज वाकवले. गेल्या जत्रेत तर तो आगीतून बाहेर आला तेव्हा फक्त शर्टाची कॉलर काळी झाली होती. नरेंद्रनं दात खात हे सगळं लिहून दिलं होतं. पडणं तेवढं शिल्लक होतं. नावापुरतं का होईना, कमलेश अजून एक गुडघा टेकवायचा. आता तेही नको.

"अरे, ज्याला काही होतच नाही, त्याची काळजी कोण करणार?" त्याचा आवाज चढला. "तुला लागणार नाही, हा मरणार नाही. मग लोकांनी तीन तास सतरंजीवर बसून बघायचं काय? तुमच्या इस्त्र्या?"

"भाऊ, पब्लिकला पावर आवडते."

"पब्लिकला हाक मारायला आवडतं, कमलेश! तुझ्या बापाला विचारायला हवं होतं."

कमलेशचा चेहरा बदलला. तो शांतपणे म्हणाला, "मंडळाचं ठरलंय. पडायचा सीन कट."

सगळं फेकून घरी जावं, असं नरेंद्रला रिक्षाच्या नाक्यापर्यंत वाटत होतं. नाक्यावर गयाबाई बसली होती. अंगावर शाल, छातीत घरघर. सुनेनं तिला दवाखान्यातून आणलं होतं. तिनं नरेंद्रचा हात धरला.

"मास्तर, औंदा पडतो ना पोरगा?"

तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

"डाक्टर बोलला, बोलू नको. नाय बोलत मी. घरात पण नाय बोलत. जत्रेसाठी आवाज राखून ठेवलाय."

"पडतो, आजी," नरेंद्र म्हणाला. कमलेशचा राग होताच, आता स्वतःचाही आला.

जत्रेच्या संध्याकाळी मांडव भरला. गयाबाईला पुढं खुर्ची दिली होती, पण ती हट्टानं सतरंजीवर बसली, नेहमीच्या जागी. नरेंद्र विंगेत पडद्याची दोरी धरून उभा होता.

मध्यंतराआधीचा प्रवेश सुरू झाला. महिपतीच्या माणसांनी कमलेशला घेरलं. लाठ्या त्याच्या पाठीवर मोडल्या, तो हसला. महिपतीनं पिस्तूल झाडलं, कमलेशनं सफारी झटकला. कमलेशनं महिपतीला ठोसा दिला, महिपतीनं मिशीला पीळ दिला. मग पुढं काय करायचं हे दोघांनाही सुचेना. एक म्हणाला, तू मला ओळखत नाहीस. दुसरा म्हणाला, तूच मला ओळखत नाहीस. हे बराच वेळ चाललं. मागची पोरं भजीच्या गाडीकडे वळली. बायका आपसात बोलू लागल्या. पेटीवाला थांबायच्या खुणेची वाट बघत तोच सूर घोळवत बसला.

तेवढ्यात पुढून आवाज आला, फाटलेला, पण मांडवभर पोचलेला.

"आरं पोरा, पड ना आता!"

मांडवात हशा पिकला. मागून कुणीतरी शिट्टी मारली. "पड! पड!" भजीच्या गाडीजवळची पोरं टाळ्यांवर ओरडू लागली. "कमलेश, पड!" दोन-चार मोबाइल वर झाले. कमलेश खांबासारखा ताठ. कपाळावरून ओघळलेला रंग सफारीवर ठिबकत होता.

गयाबाई हसत नव्हती. ती उभी राहायला बघत होती, सून तिला खाली ओढत होती.

"हसता काय? तो पडल्याबिगर मी ऊठ कशी बोलू?"

तिला खोकल्याची उबळ आली. नरेंद्रला पुढचं बघवेना. त्यानं दोरी सोडली. पडदा दाणकन खाली आला.

कमलेश विंगेत धावला. "पडदा कुणी पाडला? सीन चालू असताना?"

"मी पाडला," नरेंद्र म्हणाला. "या नाटकात काहीतरी पडायला हवं होतं."

"माझी इज्जत घालवली तुम्ही! सगळं गाव हसतंय—"

"मग हसू दे! तू ट्रक अडवतोस ना? हसणं अडव की!" नरेंद्रनं पडद्याकडे बोट दाखवलं. "ती म्हातारी घरात बोलत नाही. तुझ्यासाठी आवाज राखून बसलीय. तुझ्या बापासाठी ओरडायची, तेव्हा तू तिच्या मांडीवर बसलेला असायचास. आणि तुझ्या सफारीला डाग पडेल म्हणून तू—"

मधे महिपती मिशी काढून हातात घेऊन उभा होता.

बाहेरचा हशा ओसरला. मग पडद्यापलीकडून आवाज आला. म्हातारीला वाटलं होतं, पोरगा पडला, म्हणूनच पडदा पडला.

"ऊठ रं पोरा!"

कुणी हसलं नाही. मांडव चिडीचूप झाला, पूर्वी व्हायचा तसा. पेटीसुद्धा थांबली.

"ऊठ रं... ऊठ..." हाक खोकल्यात बुडाली. ती थांबली, दम घेतला आणि तिनं पुन्हा सुरुवात केली.

कमलेश उभाच होता. एकदा त्यानं पडद्याकडे पाहिलं, एकदा पायाखालच्या धुळीनं भरलेल्या फळ्यांकडे. त्यानं सफारीचं वरचं बटण काढलं.

"भाऊ," तो अगदी हळू म्हणाला, "कुठल्या कुशीवर बोलला होतात?"

"डाव्या," नरेंद्र म्हणाला. राग अजून उतरला नव्हता. पडदा वर ओढायला त्यानं दोरी दोन्ही हातांनी घट्ट धरली आणि स्टेजच्या फळ्यांवर आवाज होईपर्यंत थांबला.