जावा बेटाची कट्यार

करुणानं मला बजावलं होतं, "बाळासो मामा, नुसती तेलानं पुसा. घासू नका बरं का. पुण्याच्या बाई रविवारी बघायला येणार हायती."

कट्यार तिच्या आजोबांची. शंकरराव पलटणीत होते. महायुद्ध संपलं तेव्हा जावा बेटावर एका म्हाताऱ्याचं आजारी नातवंड त्यांनी पाठीवर घालून दवाखान्यात पोचवलं, आणि म्हाताऱ्यानं घरातली ही नागमोडी पात्याची कट्यार त्यांच्या हाती दिली. शिरूरात कुणाला हे पटलं नाही. "जत्रंत घिऊन आला आसंल!" म्हणून लोक हसायचे. शंकरराव ते ऐकतच वारले.

माझं कारेगावला बफिंगचं, म्हणजे धातू चाकावर घासून चकचकीत करायचं दुकान. खंडेनवमीआधी आसपासच्या तलवारी, कोयते माझ्याकडेच येतात. शस्त्र म्हणजे देवी, तिला काळं ठेवून पुजायचं नाही, ही आमची रीत. त्यात त्या संध्याकाळी सप्त्याचं कीर्तन. बुवा उभे राहायच्या आत मला पुढची जागा धरायची होती. तेलाचा बोळा फिरवत कोण बसणार? पातं काळपट, त्यावर राखाडी रेघा, भिंतीवर ओघळ वाळावेत तशा. मला वाटलं, गंजच. चाकावर धरलं. पाच मिनिटांत आरसा झाला. नंतर कीर्तनात मी डोळे मिटून डोललो, हे लिहितानाही मान खाली जाते.

कट्यार परत दिली तेव्हा करुणा म्हणाली, "लय उजळली की वो!"

"तेलाची करामत," मी म्हणालो.

रविवारी पुण्याहून सुलक्षणाताई आल्या, तेव्हा मीही करुणाच्या घरी होतो. जुन्या शस्त्रांच्या जाणकार. त्यांनी पातं खिडकीशी धरलं, बोट फिरवलं.

"अशी कट्यार दोन तऱ्हांचं लोखंड एकावर एक ठोकून घडवतात. त्या थरांच्या रेघा पात्यावर दिसतात. इथं काहीच नाही. अलीकडची नक्कल असावी."

करुणा हसायला गेली. "म्हंजी आजोबा थापाच मारायचे. जाऊ द्या, कळलं तरी."

मी नुसतं गप्प बसलो असतो तरी पुरे होतं. शंकरराव मेल्यावरही खोटे ठरले असते, आणि माझं नाव कुठंच आलं नसतं.

"ताई, रेघा होत्या," मी म्हणालो. "मीच घालवल्या. चाकावर धरली."

ताईंनी भिंग काढलं. मुठीजवळ दोन अरुंद खोबणी होत्या, तिथं चाक पोचलं नव्हतं. बराच वेळ त्या तिथंच बघत राहिल्या.

"आहेत," त्या म्हणाल्या. "जुनी आहे. अस्सल आहे. पण घासून गेलेलं लोखंड आता परत येत नाही हो."

करुणानं माझ्याकडं पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"उद्या माझ्यासंगं बाजारतळावर चला," ती म्हणाली. "जे आजोबांना हसले त्यांची पोरं तिथंच बसत्यात. आत्ता सांगितलं तेच त्यांच्यापुढं सांगा. तुमच्या तोंडानं."

"व्हय," मी म्हणालो.

ती कट्यार फडक्यात गुंडाळू लागली. सवयीनं माझा हात पुढं झाला. तिनं ती छातीशी ओढून घेतली.