पैनगंगेवर न गेलेली होडी

हसू नका, मित्रांनो. वऱ्हाडातल्या मालेगावच्या बैलबाजारात, विहिरीच्या कडेला, गुरांना पाणी पाजायचं जे लांबोडकं लाकडी टाकं दिसतं ना, ती मी. आणि मी टाकं नाही! मी शिडाची होडी आहे. जुनी झाले, पण होडीच आहे. हिचं एक टोक असं निमुळतं का, असं आजवर एकाही बैलानं विचारलं नाही. माणसांनीही नाही. म्हणून तुम्हाला सांगते.

माझा जन्म कोकणातला. एका सुतारानं सागवानाच्या फळ्या एकमेकींना भिडवल्या, फटींत कापूस ठासला, वरून राळ चोपडली. मुंबईच्या एका कुटुंबानं काही वर्षं मला खाडीत फिरवलं आणि मग विकायला काढलं. त्या सुमारास मेडशीकडचे रामराव देशमुख कापसाच्या कामानं मुंबईला आले होते. त्यांनी मला पाहिलं मात्र, आणि माझ्याभोवती फेऱ्याच घालू लागले. जेवायचंसुद्धा भान राहिलं नाही त्यांना.

वऱ्हाडच्या या भागात तेव्हा आगगाडी नवीनच आलेली. मी मालगाडीतून जऊळक्याच्या स्टेशनावर उतरले. तिथून पुढे-मागे जोडलेल्या दोन बैलगाड्यांवर पालथी पडून गावाकडे निघाले. शेतातले लोक काम टाकून रस्त्यावर आले.

"मालक, हे काय आनलं जी? एवढा मोठा पाळना कोनासाठी?"

"आमच्या घरच्या बायाईसाठी," रामराव म्हणाले. लोकांना वाटलं, मालक थट्टा करून राह्यले.

थट्टा नव्हती ती. देशमुखांच्या घरात गोषा होता. बाईनं बाहेर पडायचं ते पडदे सोडलेल्या दमणीतून, बैलांच्या त्या बंद गाडीतून, आणि उतरायचं ते पाहुण्यांच्या मागच्या दारात. आभाळ काय ते अंगणापुरतं. रामरावांना हे आतून खटकायचं, पण चारचौघांत रीत मोडायची छाती नव्हती. मग त्यांनी ही वाट काढली. वाड्याच्या पाठीमागे त्यांचाच तलाव होता. त्याच्या मधोमध गेलं की काठावरच्याला चेहरा ओळखू येत नाही. तिथे कुठला पडदा आणि कुठला काय!

त्यांची सून मनकर्णा तेव्हा परकरी पोर होती. गोष्यात बसायचं तिचं वय अजून यायचं होतं. रामरावांनी तिला सुकाणू धरायला शिकवलं, शीड केव्हा सोडायचं नि केव्हा आवळायचं ते शिकवलं. आणि सगळ्यात महत्त्वाचं तेही शिकवलं.

"पोरी, हंगामाच्या सुरुवातीले हिले दोन दिवस नुसती पाण्यात ठेवाची. कोरडी होडी गळतेच. फळ्या फुगल्या की फटी मिटतात. मंगच कोनाले बसू देजो."

नवरात्रापासून संक्रांतीपर्यंत तलाव भरलेला असायचा, आणि तेवढे महिने माझे. घरातल्या साऱ्या बाया माझ्यात बसायच्या. सोबत धपाटे, दही, मिरचीचा ठेचा. सुकाणूवर मनकर्णा. काठ लांब गेला की डोक्यावरचे पदर खाली यायचे, आणि ज्या बायांचा आवाज वाड्यात माजघराबाहेर जात नसे त्या खदाखदा हसायच्या. वारा भरला की मनकर्णा ओरडायची, "धरा जी, धरा! आता पळते हे!" काय सांगू तुम्हाला, त्या वेळी मला माझा केवढा अभिमान वाटायचा!

मनकर्णेची मनकर्णाबाई झाली, तिला लेक झाली, विजयमाला, मग रामराव गेले. त्यांच्यामागे घर मारोतरावांकडे आलं. हे रामरावांचे चिरंजीव, मनकर्णाबाईंचे यजमान. माणूस वाईट नव्हता हो! पण वडिलांचा हा छंद गावात चेष्टेचा विषय झालेला, आणि चेष्टेला ते फार भीत. त्यांनी मला गाडीखान्यात नेऊन ठेवलं. लाकूड कुजू नये म्हणून पाण्यापासून लांब, कोरड्या जागी. वर गोणपाटही टाकलं. किती काळजी! एक उन्हाळा, दुसरा उन्हाळा, असे कितीतरी उन्हाळे गेले. माझ्या फळ्या आक्रसल्या, फटींतून उजेड दिसायला लागला. गाडीचं चाक खिळखिळं झालं की हीच माणसं ते डोहात भिजत घालतात. मीही लाकडाचीच, पण माझ्या बाबतीत ते कुणाला सुचलं नाही.

मग मारोतरावांनी मोटार घ्यायचं ठरवलं. मोटारीला जागा हवी. झालं, मी विक्रीला निघाले.

वाशीमपलीकडे पैनगंगेवर पावसाळ्यात नाव चालवणारे एक फय्याजमिया होते. त्यांच्या कानावर गेलं, आणि त्यांचं मला बघायला यायचं ठरलं. ही बातमी आत पोचली त्या दुपारी मनकर्णाबाई तुळसाबाईला घेऊन गाडीखान्यात आल्या. तुळसाबाई म्हणजे त्यांच्या हाताखालची जुनी बाई. किती दिवसांनी तो हात माझ्या सुकाणूवर पडला!

"विकाची त विका म्हना, तुळसे," त्या म्हणाल्या. "पण फय्याजमियालेच जावो देवा. माहं माहेर नदीपार. वर्षातून एक खेप त पडते. तेवढं तरी हिच्यात बसाले भेटन मले."

त्यांचं मागणं एवढंच होतं, मित्रांनो. आणि माझंही.

मला वाड्याच्या चौकात काढून ठेवलं होतं. फय्याजमिया आले. पांढरी दाढी, बोलणं सावकाश. त्यांनी बोटाच्या पेरांनी माझी एकेक फळी वाजवून पाहिली. "लकडी असल है, मालक," ते म्हणाले. मारोतरावांनी सौद्यासाठी बैलबाजारातला दलाल जगदेव बोलावला होता. आमच्याकडे जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून सांगतात. जगदेवनं माझाही सौदा तसाच मांडला. आधी फय्याजमियांचा हात, मग मारोतरावांचा. कापडाखाली बोटं हलत होती आणि माझी काय किंमत होतेय ते मलाच कळत नव्हतं. शेवटी दोघांनीही मान डोलावली. माझा जीव भांड्यात पडला.

"बस, एक बार पानी में डालके देखते," फय्याजमिया म्हणाले.

आता ग! मला ओरडावंसं वाटलं. आज नको! भिजू द्या मला आधी! पण लाकडाला कुठून यायची वाचा?

वाचा होती ती पडद्याआड होती. माजघराच्या दारातला पडदा हलला, बांगड्या वाजल्या, आणि तुळसाबाई लगबगीनं बाहेर आली. खाली मान घालून म्हणाली, "मालक, बाईसाहेब म्हन्तात, पाव्हन्याले दोन दिवस ठेवून घ्या. होडी भिजू द्या, मंग पाहा. कोरडी गळते म्हन्तात."

मारोतरावांचा चेहरा लालबुंद झाला. परक्या माणसासमोर घरातल्या बाईचा निरोप, तोही सौद्यात! त्यांनी जगदेवकडे पाहिलं. जगदेव त्यांच्या कानाशी लागला.

"असं बोलू नोका, मालक. बैल विकतानी 'आज नोको, परवा चालवून पाहा' म्हटलं की गिऱ्हाईक काय समजते? बैल लंगडा हाये! सौदा मोडन."

बैलाच्या बाबतीत खरंच होतं ते. जगदेवची हयात बैलांत गेली होती. मारोतरावांना ते पटलं.

"आत जाय, तुळसे," ते म्हणाले. "आनं सांग त्याईले, काई गळत नाई."

तुळसाबाई आत गेली. पडदा पुन्हा हलला. पडद्याच्या कडेशी चार बोटं दिसली, घट्ट आवळलेली. आता पडदा बाजूला होईल असं वाटलं. उंबऱ्याबाहेर एक पाऊल टाकून दोन शब्द बोलायचे, एवढंच तर होतं! पण परक्या पुरुषांसमोर ते पाऊल त्या घरातल्या कुठल्या बाईनं कधी टाकलं नव्हतं. बोटं मागे गेली.

मला तलावावर नेलं आणि पाण्यात लोटलं. फय्याजमिया माझ्यात बसले. काठापासून जरा लांब गेलो असू नसू, तो प्रत्येक फटीतून पाणी वर यायला लागलं. मी अंग चोरून पाहिलं, श्वास रोखून पाहिला. काय उपयोग? त्यांच्या घोट्यावर पाणी चढलं. त्यांनी घाईनं मला काठाला लावलं.

"मालक, बुरा मत मानो," ओला लेंगा पिळत ते म्हणाले. "मेरी नाव में बायाबच्चे बैठते. उनकी जान का सवाल है. मेरे से नहीं होगा."

त्या भल्या माणसाला मी काय दोष देऊ? माडीच्या खिडकीच्या फटीतून मनकर्णाबाई हे सगळं पाहत होत्या. तलावाच्या काठावर सारे पुरुषच होते. फय्याजमिया गेले आणि ती फट बंद झाली.

"मी नेतो, मालक," जगदेव म्हणाला. "जनावराईले पाणी पाजाले कामी पडन." पुन्हा उपरणं, पुन्हा बोटं. या वेळी फार वेळ लागला नाही.

अशी मी इथे आले. डोलकाठी काढली, शीड कापसाच्या गाड्या झाकायला गेलं. आयुष्यभर पाणी बाहेर ठेवायचं माझं काम, आता बादल्यांनी आत ओतलं जाऊ लागलं. पहिल्या दिवशी माझ्याखाली नुसता चिखल झाला. दुसऱ्या दिवशी ओल तेवढी राहिली. आणि तिसऱ्या दिवशी, मित्रांनो, माझ्याखालची जमीन कोरडी ठणठणीत होती.

"भांडं पक्कं निघालं बाप्पा!" जगदेव कौतुकानं म्हणाला. "थेंब गळत नाई!"

पुढच्या पावसाळ्यात एक दमणी बाजारात थांबली. पडदे सोडलेले. मोटार काळ्या मातीच्या चिखलात चालत नाही, म्हणून माहेरी जायला दमणीच काढावी लागलेली. गाडीवानानं बैल सोडून माझ्याकडे आणले. बैल माझ्यातलं पाणी पीत होते आणि पडद्याआडून ओळखीचा आवाज आला.

"तुळसे, बैल पेले का पाणी? चाल मंग लवकर. फय्याजमियाची नाव सुटून जाईन."

माझ्यापासून चार हातांवर होत्या त्या. पडदा जरा सरकला असता तर दिसले असते मी! मी काठोकाठ भरून तशीच बसले. बैल जुंपले, दमणी गेली.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू कधीतरी विकावी लागते, त्याचं मला दुःख नाही. पण विकण्याआधी, ती जिच्या हाताखाली वावरली तिला एकदा बाहेर बोलवा आणि विचारा. ती म्हणाली, दोन दिवस थांबा, तर थांबा. आमच्यासाठी तेवढंसुद्धा कुणी थांबलं नाही.