तपकिरीच्या डब्यांतले केक

माझी धाकटी बहीण नीला हिला तीन स्थळांनी नकार दिला. तिन्ही वेळा पाहुण्यांना मोटारीपर्यंत पोचवून परत येताना मी स्वतःची समजूत घातली, की पोहे जमले नसावेत. अंगात शहाणपण कमी असलं की माणसाला कारणं फार चटकन सुचतात.

१९३८ साली चौथं स्थळ आलं, बेळगावच्या खासबागेतलं. मुलगा शरद, कॅम्पातल्या कचेरीत कारकून. नीलाने त्याला एका लग्नात पाहिलं होतं आणि हे स्थळ तिला मनापासून हवं होतं. हे तिने माझ्या बायकोला सांगितलं, मला नाही.

साहेबांच्यात वावरणाऱ्या मुलापुढे पोहे ठेवायचे? मी केक करायचं ठरवलं. तोही एकेका घासाचा, दोन थरांचा, मध्ये पेरूची जेली. कृती एका मासिकात सापडली. ‘लहान साचे घ्यावेत,’ असं त्यात लिहिलं होतं. आमच्या निपाणीत असले साचे कुठले मिळायला? पण आमचं तीन पिढ्यांचं तपकिरीचं दुकान. पत्र्याच्या इवल्या गोल डब्यांना घरात तोटा नव्हता. धुतल्या तर गंजतील म्हणून मी त्या मलमलीच्या फडक्याने कोरड्याच लख्ख पुसल्या.

घमेल्यात वाळू तापवली, तीत डब्या रोवल्या, वर झाकण आणि झाकणावर निखारे. पहिली खेप जळाली. दुसरी फुगली, आणि तिच्याबरोबर मीही. दोरा ओढून एकेक केक आडवा कापला, जेली भरली आणि वरून मलमलीतून पिठीसाखर भुरभुरवली. चाखून पाहिला, तर मासिकवाल्यांनी माझा फोटो छापावा असा झाला होता.

“पोहे भिजवून ठीवू का?” विनोदिनीने, म्हणजे बायकोने, विचारलं. मी तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

शरद आणि त्याचे वडील मारुतीराव आले. नीलाने बश्या ठेवल्या आणि ती समोर बसली.

“हे केक नीलानेच केलेत,” मी पुस्तकी मराठीत थाप मारली. नीलाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

“शाळा किती झाली, पोरी?” मारुतीरावांनी विचारलं.

“सातवी उत्तीर्ण,” मी म्हणालो.

“वाचाय आवडतं का?”

“अतिशय,” मीच म्हणालो.

मारुतीरावांनी केक तोंडाजवळ नेला. “आमच्या मनात असं हाय की,” एवढं बोलले आणि सणसणीत शिंकले. मग शरद शिंकला. मग दोघे आळीपाळीने शिंकत राहिले.

शेवटी मारुतीरावांनी बशी खाली ठेवली आणि पटका सारखा केला. “शुभ बोलाय तोंड उघडलं आन् शिंक आली. देवाच्या मनात न्हाय. येतो आमी.”

मी हवापालट, पडसं, मोटारीतली धूळ असं बरंच काही बोललो. नीला उठून आत गेली आणि मलमलीचं फडकं घेऊन आली.

“आप्पा, हे जरा नाकाशी धरा,” ती मारुतीरावांना म्हणाली.

त्यांनी धरलं आणि ते पुन्हा शिंकले.

“अण्णांनी ह्या फडक्यानं तपकिरीच्या डब्या पुसल्या आन् यातनंच साखर गाळली,” नीला माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. “आमच्या घरातली नाकं मेल्यात, आमाला काय कळत न्हाय. ह्यात देवाचं काय न्हाय. आन् केक मी केलेलं न्हाईत, मला येतबी न्हाईत. हे स्थळ हातचं जाईल म्हणून गप बसलते.”

शरद डोळे पुसत हसत होता. मारुतीराव परत बसले. “मघाधरनं मी पोरीला इचारतोय आन् उत्तरं तुमी देताय,” ते मला म्हणाले. “मला वाटलं पोरगी मुकी हाय.” मग नीलाकडे वळले. “आता तू सांग. काय वाचतीस?”

मी तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात लक्षात आलं, की याआधी आलेल्या एकाही पाहुण्याने माझ्या बहिणीचा आवाज ऐकलेला नाही. दर वेळी मीच बोललो होतो. मला लाज वाटली, फार वाटली. स्वतःवर भरवसा नव्हता, म्हणून मी बशीतले दोन केक उचलून एकदम तोंडात कोंबले. नीला बोलू लागली. मारुतीरावांनी होकार दिला तेव्हाही मी चावतच होतो.