प्लकमध्ये आतडी नसतात

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम आहे. शब्द ज्या धंद्यातला, त्या धंद्यातल्या माणसाला नोंद वाचून दाखवल्याशिवाय ती छापायला जात नाही. सुताराचे शब्द सुताराला, शिंप्याचे शिंप्याला. इंग्रजीतला ‘प्लक’ माझ्या टेबलावर आला तेव्हा संपादक म्हणाले, "हा तुमच्या घरचाच. बाबांना वाचून दाखवा, त्यांनाही तेवढाच विरंगुळा." बाबांनी जन्मभर मटणाचं दुकान चालवलं. आता ते हॉस्पिटलात होते, आणि त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन करायचं की नाही, ते सोमवारपर्यंत सांगायचं होतं.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. ऑपरेशन केलं तर टेबलावरून उठतीलच असं नाही. नाही केलं तर काही महिने, गोळ्यांवर, घरी. बाबा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. परगावाहून दादाचा रोज फोन, "तू समजाव, हो म्हणायला लाव. तुझं ऐकतात ते." मी रोज "बरं" म्हणायचे आणि बाबांजवळ बसून सफरचंद चिरायचे. मला काही वाटतच नव्हतं. रडू नाही, धास्ती नाही, भूकसुद्धा नाही. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको म्हणाली, "पोरगी धीराची आहे हो." धीर कसला, नुसता दगड झाला होता माझा.

शनिवारी मी नोंद वाचून दाखवली. "प्लक. जनावराचं हृदय, यकृत, फुप्फुसं आणि आतडी, एका हिसक्यात ओढून काढलेली."

"आतडी कशी येतील?" बाबा म्हणाले. "ती आधीच निघालेली असतात. मग आत हात घालायचा, श्वासनळी धरायची आणि ओढायचं. बाकी सगळं तिलाच लटकून येतं. दुकानात बसून अभ्यास करायचीस, कधी पाहिलं नाहीस?"

"तोंड फिरवून बसायचे."

"तरीच."

मी आतडी खोडली आणि पुढचं वाचलं. "अर्थ दुसरा. हिंमत, धैर्य."

"हे कुठून काढलं?"

मी सांगितलं. ओढून काढतात म्हणून त्याचं नाव प्लक. पुढे मुष्टियुद्ध खेळणाऱ्यांनी तोच शब्द उचलला. मार खाऊनही जो उभा राहतो त्याच्या आत ते आहे, असं म्हणायचे. सभ्य लोकांना बरेच दिवस तो शब्द ओंगळ वाटायचा.

"खाटकाचा शब्द म्हटल्यावर नाकं मुरडणारच," बाबा खुशीत येऊन म्हणाले. मग त्यांनी हात स्वतःच्या छातीवर ठेवला.

"इतकी काळजं हातातून गेली," ते म्हणाले, "हिंमत काही दिसली नाही कुठे. मला उघडू देऊ नकोस गं. भितो म्हण हवं तर. मला घरी यायचंय."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही दोघं तोंडं पाडून बसाल म्हणून. दादाला तू सांगशील? मला नाही जमायचं."

मी बाहेर जाऊन दादाला फोन लावला आणि बाबा ऑपरेशन करणार नाहीत, असं सांगून टाकलं. तो म्हणाला, "तुला समजवायला सांगितलं होतं ना? उद्या काही झालं तर तुझ्यावर येईल, कळतंय का?"

"येऊ दे. त्यांना घरी यायचंय आणि मी त्यांना नेणार आहे."

फोन ठेवला आणि तेव्हा कुठे मला उमजलं. बाबा जाणार होते. गोळ्या संपायच्या आत किंवा नंतर, पण माझ्या डोळ्यांदेखत, आणि त्याला हो मी म्हटलं होतं. मी भिंतीला टेकून खाली बसले. इतकी भीती मला कधीच वाटली नव्हती. डॉक्टर त्यांच्या खोलीत होते, त्यांना अजून सांगायचं होतं. मी भिंत धरून उठले आणि दार वाजवलं.