बुरशीचं आलं

तिने पोत्याचं तोंड सोडलं आणि मान फिरवली. आत हात घातला तर आल्याचा गड्डा बोटांखाली फुटला, करडं पाणी हातमोज्यावर ओघळलं. तिला शिसारी आली.

दादा प्रयोगशाळेच्या खुर्चीत आरामात मोबाईल चाळत होता.

"सुंठ म्हणून हे दळतोस तू?"

"वाळवून दळतो. वाळल्यावर काही कळत नाही. तुझ्या तपासणीसाठी चांगलं पोतं काढलं होतं, घाईत हे गाडीत पडलं."

चुकून दुसरा शर्ट घालून आल्यासारखं त्याने सांगितलं. वर, "संध्याकाळी येतो," म्हणून निघूनही गेला.

तिने मुद्दाम बुरशीचेच तुकडे घेतले. वाळवले, दळले, अल्कोहोलमध्ये भिजवून गाळले. तो अर्क जांभळ्या द्रावणात सोडला. आल्यात दम असला की जांभळा रंग उडतो. आज तो उडू नये, आकड्यांनीच माल नापास करावा, म्हणजे भावाशी वादच नको, एवढीच तिची इच्छा होती. रंग बघता बघता पिवळा पडला. मग यंत्राने घटक वेगळे करून मोजले. आल्याला तिखटपणा देणारं जिंजरॉल होतं, तेही भरपूर. एवढी घाण आणि आकडे गुणी मुलासारखे.

संध्याकाळी दादा आला. "पास?"

"आकडे चांगले आहेत." हे म्हणताना तिला स्वतःचीच किळस आली.

"मग तेवढंच लिही. बुरशीचं मी विचारलंच नाही."

विचारलं नव्हतं, हे खरं. तिच्या सहीशिवाय माल उचलला जाणार नव्हता, आणि आई दादाच्याच घरी होती. तिने आकडे टाइप केले. एकही खोटा नव्हता.

दादाने तिचा चेहरा पाहिला आणि मायेने खांद्यावर हात ठेवला.

"तोंड कशाला वाकडं करतेस गं? आईला यातलं नाही देत मी. तिची सुंठ वेगळी ठेवलीय."

तिने खांदा काढून घेतला. आकड्यांच्या वर, नमुन्याच्या वर्णनात, तिने लिहिलं: सडलेलं, बुरशी आलेलं. अहवाल छापला, सही केली आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

त्याने तो वाचला. "आता हा माल घेणार कोण?"

"कोणी नाही," ती हात धूत म्हणाली. "आईची बॅग भरून ठेव. मी न्यायला येते."