कोंडीरामाला एक विचारायचंय

अण्णा डॉक्टरांसमोर एकच शब्द बोलतात. 'बरं.' मीठ कमी करा. बरं. पाणी मोजून प्या. बरं. हाताची छोटी शस्त्रक्रिया करून शीर तयार ठेवू, पुढं डायलिसिसला तीच लागेल. बरं. मग घरी येताना खाली मेडिकलवाल्या साईनाथला विचारायचं, "काय म्हनत हुत्या रं डॉक्टरीणबाई?" डॉक्टरांना उलट विचारणं म्हणजे त्यांचा अपमान, असं आमच्या वाघोलीच्या जुन्या घरांत अजून पक्कं बसलेलं आहे.

असं बरं-बरं म्हणत माझ्या वडिलांनी शस्त्रक्रियेच्या दोन तारखा चुकवल्या. एकदा भावकीत दहावा निघाला, एकदा पाहुणे आले. तिसरी तारीख सोमवारची होती. डॉक्टर प्रियदर्शनींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "शीर तयार व्हायला महिना-दोन महिने लागतात, तनुजा. ही तारीख गेली तर एक दिवस धावपळीत मानेत नळी घालावी लागेल." ती नळी मी सहा वर्षांपूर्वी आईच्या मानेत पाहिली होती. आई मशीनवर एकदाच गेली आणि परत आली नाही. तेव्हापासून मशीन हा शब्द आमच्या घरात कुणी काढत नाही.

मी चित्रं काढून पोट भरते. त्याच डॉक्टरांनी माझ्याकडून किडनीच्या आजारावर सोळा पानांचं चित्रपुस्तक मागितलं होतं. पहिल्या खर्ड्यात पांढऱ्या कोटातल्या बाई बोट वर करून बोलत होत्या आणि रुग्ण माना डोलवत होते. आम्ही तो दवाखान्याच्या बाकांवर वाटून पाहिला. वेणूबाई नावाच्या एका आजींनी त्यानं छान वारा घेतला. "चित्रं सुरेख आहेत हो," त्या म्हणाल्या, "पण यात माझं काय काम?"

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, "यात एक माणूस घाल. काही न कळणारा. जे वाचणाऱ्याला विचारायची लाज वाटते, ते त्यानं विचारायचं."

मग कोंडीराम आला. आळस म्हणा, मी त्याला अण्णांची टोपी दिली, अण्णांची पिशवी दिली, आणि चोरी पकडली जाऊ नये म्हणून मोठ्या मिश्या दिल्या.

आमचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर, आमच्याच शेतावर उभा आहे. जमीन बिल्डरला दिली तेव्हा वाट्याला आलेला. दुपारी नगर रस्त्याची गुरगुर वर येता येता पातळ होते, पडदा फुगतो, आणि अण्णा अंदाजानं फरशीकडे बोट दाखवतात, "हितं खाली हीर हुती." एका दुपारी मी कागदावरच डोकं टेकलं. कोंडीराम चौकटीतून उतरला, आमच्या हॉलची फरशी त्यानं झाकणासारखी उचलली आणि पिशवी सांभाळत सहा मजले खाली विहिरीत उतरू लागला. पाणी कोमट होतं. भिंतींतून बारीक झरे पाझरत होते, हजारो. काही बंद पडले होते. तो एकेका झऱ्याला कान लावून विचारायचा, "का रं, काय झालं?" आणि मी वरून ओरडत होते, जोरात विचार, जोरात.

जाग आली तेव्हा अण्णा माझ्या शेजारी बसून पानं चाळत होते.

"ह्यो कोन?"

"कोंडीराम."

"माझ्यावानी दिसतोय. पन ह्याला मिशी हाय." जरा वेळानं म्हणाले, "किडनीच्या जागी गाळणी कशापायी काढलीस? गाळणीनं कुनाला काय कळायचंय? आपल्या सखल तुकड्यात निचरा व्हत नव्हता. पानी मुरायचं, मीठ वर यायचं, पीक पिवळं पडायचं. मंग चर खांदला. तसं काढ. निचरा बंद पडला की रान खारवतं, म्हनावं. मशीन म्हंजी चर."

मशीन हा शब्द सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून आला होता. मी गुपचूप गाळणी खोडली. इतकी वर्षं मी या माणसाला अडाणी समजत होते, याची मला खरोखर लाज वाटली.

त्या दिवसापासून कोंडीराम घरात वावरू लागला. सकाळी चहा ओतताना अण्णा विचारायचे, "कोंडीराम कुठवर आला?" त्याला मोजून पाणी प्यायला लावलं तेव्हा त्यांनी स्वतःचा तांब्या ठेवून दिला आणि पेला घेतला. "त्यो एकटा का तहानेला राहील?" म्हणाले. टीव्ही बंद, दोघांत तिसरा माणूस बसल्यासारखी घरात शांतता. मी भाजी चिरताना मागं वळायची तर टोपीवाल्या दोन सावल्या खिडकीत दिसतील असं वाटायचं.

एकदा म्हणाले, "ह्याला बायकू न्हाई व्हय?"

मी म्हटलं, "सोळा पानांत कुठं बसवू?" त्यांनी पान उलटलं.

अकराव्या पानावर कोंडीराम डॉक्टरांसमोर खुर्चीत बसलेला होता. डोक्यावर बोलण्याचा फुगा होता आणि तो रिकामा. काही केल्या मला त्याचा प्रश्न सुचेना. शनिवारी सोमवारचं पक्कं करायला दवाखान्यात जायचं होतं. ते पान टेबलावरच सोडून मी रिक्षा बघायला खाली उतरले.

डॉक्टर प्रियदर्शनींनी सगळं पुन्हा समजावलं. अण्णा टोपी मांडीवर घेऊन ऐकत होते. "मग सोमवारी येणार ना, सोनबा?"

मला 'बरं' आधीच ऐकू आलं. सोमवारी कोणता पाहुणा उगवेल याचाही मी मनात हिशोब लावला. अण्णांनी खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. माझं अकरावं पान!

"म्याडम, कोंडीरामाला येक इचारायचं हाय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "विचारू दे की."

अण्णांनी कागद डोळ्यांजवळ धरला. फुग्यात त्यांनी पेन्सिलीनं लिहिलं होतं, इतकं बारीक की ओळी फुग्याबाहेर सांडल्या होत्या. ते थांबत थांबत वाचू लागले. "कोंडीरामाच्या बायकूचं पाय सुजलं हुतं. तवाचं डॉक्टर म्हनलं, मशीनवर घ्या. कोंडीराम बरं म्हनला. किती दिसात घ्यायचं, त्ये इचारलं न्हाई. घरात पुतन्याचं लगीन हुतं. ती म्हनली, हळद उरकू द्या. आठ दिस गेलं." त्यांनी कागद खाली घेतला. "त्या आठ दिसांनी गेली का ती?"

मला हे माहीत नव्हतं. त्या लग्नात मी नाचले होते. आईनं खुर्चीत बसून टाळ्या वाजवल्या होत्या, पाय साडीखाली झाकून. आणि अण्णा मशीनला भितात म्हणून सहा वर्षं मी त्यांना भित्रा म्हणत आले होते.

डॉक्टर खुर्ची ओढून अण्णांच्या जवळ आल्या. "तेव्हाचे रिपोर्ट पाहिल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. खोटं नाही सांगत, आठ दिवसांनी फरक पडला असेल. पण किती दिवसांत यायचं, हे आपण होऊन सांगायचं काम डॉक्टरांचं होतं. कोंडीरामाला ते विचारावं लागलं असतं, हीच आमची चूक."

अण्णांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. मग ते म्हणाले, "सोमवारी किती वाजता? उपाशीपोटी यायचं का खाऊन? आन् कंचा हात?"

तीन प्रश्न. मी मोजले.

सोमवारी डाव्या हाताचं काम झालं. अण्णा पट्टी बांधलेला हात उशीवर ठेवून पडले होते आणि मी खाटेशेजारी बसून अकरावं पान नव्यानं काढत होते. त्यांचाच प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, आता मी नीट मोठ्या फुग्यात बसवला होता. त्यांनी तो वाचला आणि मान हलवली.

"ह्ये खोड."

"का? हाच तर खरा प्रश्न आहे, अण्णा."

"प्रश्न ऱ्हाऊ दे. किती दिसात यायचं, त्ये त्याला आधीच इचारू दे. म्हंजी ती जाणार न्हाई." त्यांनी उजव्या हातानं चौदावं पान पुढं ओढलं. त्यात कोंडीराम मशीनला जोडलेला, शेजारी रिकामं स्टूल. "आन् हितं बसव तिला. चार तास कुनाशी बोलंल त्यो?"

मी बसवली. मांडीवर डबा दिला, नाकात आईची चमकी दिली. पाय मात्र साडीखाली झाकले नाहीत. सुजलेले नव्हते, म्हणून छान पुढं पसरून दिले.